पैसे खर्चून बांधलेली उघडी गटारं

आपल्याकडे रिडेव्हलपमेंट म्हणलं की प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट किती टक्के जास्त मिळणार, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं ॲडव्हान्स, पार्किंग एक की दोन, आणि बिल्डरनं मधेच काम सोडलं तर काय. पुण्यात सहकारनगरला आईबाबांची सोसायटी आहे, तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर हेच चालू आहे. मी तिकडे राहत नाही, पण कोणीतरी मला ग्रुपात घालून ठेवलंय, आणि इकडे स्वीडनमधे माल्मोत सकाळी चहा टाकून फोन बघेपर्यंत तिकडचे काका लोक दोनदा भांडून परत गुड मॉर्निंगच्या फुलांवर आलेले असतात.

मधे एका बिल्डरनं ब्रोशर पाठवलं. त्यात एक अख्खं पान हिरवं, वर पानाचं चित्र, त्यावर दवाचा थेंब, आणि खाली लिहिलेलं इको-फ्रेंडली लिव्हिंग. म्हणजे काय तर रेनवॉटर हार्वेस्टिंग, सोलर वॉटर हीटर, ओल्या कचऱ्याचं मशीन. आता यातलं बहुतेक सगळं नवीन बिल्डिंगला नियमानंच करावं लागतं, नाहीतर प्लॅन पास होत नाही, म्हणजे हॉटेलनं मेनूकार्डावर "आमच्याकडे ताटं धुतलेली असतात" असं छापण्यापैकी प्रकार. पण ग्रुपवर त्याला बारा अंगठे पडले. मी तेव्हा काही बोलले नाही. म्हणलं आपण हजारो किलोमीटर लांब बसून शहाणपणा कशाला शिकवायचा.

पण तेव्हापासून डोक्यात ऑगस्टेनबोर्ग घोळतंय.

माल्मो म्हणलं की बाहेरच्या लोकांना व्हेस्त्रा हामनेन दाखवतात, म्हणजे जुन्या बंदराच्या जागेवर 2001 साली गृहनिर्माणाचं मोठं प्रदर्शन भरवून उभी केलेली नवी कोरी वस्ती, समुद्राकाठी, शेजारी तो पिळून काढल्यासारखा 190 मीटरचा टर्निंग टॉर्सो टॉवर. सुंदर आहे, वादच नाही. आमच्याकडे कोणी पाहुणे आले की आम्हीपण आधी तिकडेच नेतो, फोटो चांगले येतात. पण रिकामी जागा, भरपूर पैसा आणि चांगले आर्किटेक्ट मिळाले तर पर्यावरणपूरक वस्ती कोणीही उभी करेल. मला कुतूहल आहे ते जुन्या, गळक्या, लोकांनी भरलेल्या, कोणालाच फार आवडत नसलेल्या वस्तीचं. ऑगस्टेनबोर्ग तसं होतं.

1948 ते 1952 च्या दरम्यान माल्मो महापालिकेच्याच एमकेबी नावाच्या घरबांधणी कंपनीनं ही वसाहत बांधली. बहुतेक तीनचार मजली इमारती, मधे मोकळी आवारं, एकूण साधारण 1,800 फ्लॅट आणि तीनएक हजार माणसं. तेव्हाच्या मानानं एकदम मॉडर्न, कामगारांना पहिल्यांदा नीट स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळालं, लोक खूश. शहरात काम होतं. कोकुम्सचं जहाज बांधायचं अवाढव्य शिपयार्ड होतं, टेक्सटाइल होतं. मग सत्तरीनंतर हे सगळं एकेक करून बसायला लागलं. मुंबईत गिरण्यांचं जे झालं ते ज्यांनी घरात बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको. कोकुम्सची ती प्रचंड क्रेन, शहराची खूण होती ती, शेवटी 2002 मधे सुटी करून जहाजात घालून कोरियाला नेली. लोक रस्त्यावर उभं राहून रडले म्हणतात.

ऑगस्टेनबोर्गमधे ज्यांना परवडलं ते मोठ्या घरात निघून गेले, फ्लॅट रिकामे पडायला लागले, आणि मग तिथं ज्यांना दुसरीकडे घर मिळत नाही असे लोक येऊन राहायला लागले, त्यात युद्धातून पळून आलेलेही खूप. मधे एकदा दुरुस्ती झाली होती, सत्तरच्या दशकात. थंडी आत येते म्हणून भिंतींना बाहेरून इन्सुलेशन आणि त्यावर पत्रा. त्यानं इमारतींचा मूळ चेहरा गेला आणि वरून नवी दुखणी आली ती वेगळीच. जुन्या घरावर एखादाच उपाय घाईघाईनं थापला की असं होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको, आपल्याकडे गळक्या टेरेसवर घातलेले पत्रे पुण्याच्या निम्म्या सोसायट्यांवर दिसतात.

आणि वस्तीचा खरा वैताग होता पाणी. सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाईपमधून जायचं. जोराचा पाऊस आला की पाईप भरायचा, आणि भरला की पाणी उलटं यायचं. कुठं यायचं तर तळघरात. इथं प्रत्येक बिल्डिंगला तळघर असतं, तिथं सगळ्यांचं मिळून एक कपडे धुवायचं मशीनघर, आणि प्रत्येकाची जाळीची छोटी खोली, तिच्यात सायकली, स्लेज, मुलांचे लहान झालेले कपडे, जुने अल्बम, सगळं खोक्यात भरून ठेवलेलं. त्यात घोटाभर पाणी, आणि नुसतं पावसाचं नाही, संडासचंपण. माझ्या कामाच्या ठिकाणी एक बाई आहेत, रिटायरमेंटला आलेल्या, त्या लहानपणी तिथं राहायच्या. त्यांना मी विचारलं की पुराचं काही आठवतं का, तर त्या म्हणाल्या पूर नाही आठवत, वास आठवतो, आणि आईनं एक अख्खं खोकं न उघडता बाहेर नेऊन टाकलेलं आठवतं.

आता इथं दोन रस्ते होते. एक म्हणजे सगळं पाडून नवीन बांधायचं. दुसरा म्हणजे रस्ते खणून जमिनीखाली मोठे पाईप घालायचे. 1998 मधे महापालिका आणि एमकेबी यांनी मिळून तिसरंच काढलं. वस्तीतल्या शाळेचे माजी हेडमास्तर बर्टील निल्सन आणि महापालिकेतले पीटर लिंडक्विस्ट यांच्या बोलण्यातून सुरुवात झाली, महापालिकेच्या पाणी खात्यात पीटर स्तारे म्हणून इंजिनिअर होते, पावसाचं पाणी उघड्यावर खेळवायचं हे वेड त्यांना आधीपासून होतं, आणि वस्तीतच राहणारा मोर्टेन ओवेसेन नावाचा एक माणूस, ज्याला पाण्याचा भयंकर नाद, तो यात डिझाईन करायला उतरला. सरकारनं तेव्हा स्थानिक पर्यावरणाच्या कामांना पैसे द्यायची योजना काढली होती, ती लागू पडली. एकूण खर्च साधारण 20 कोटी क्रोनर, त्यातले निम्मे एमकेबीचे.

त्यांनी केलं काय, तर पावसाचं पाणी पाईपातून बाहेर काढलं. अक्षरशः. गच्चीवरून खाली येणारा पाईप जिथं जमिनीत घुसायचा तिथं कापला, आणि पाणी समोर फरसबंदीत केलेल्या उथळ पन्हळीत सोडलं. पन्हळीतून चरात, चरातून गवताच्या खोलगट पट्ट्यात, तिथून छोट्या तळ्यात, तळ्यातून पुढच्या तळ्यात. असे मिळून सहाएक किलोमीटरचे पाट आणि दहा तळी त्या एवढ्याशा वस्तीत आहेत. सगळं उताराचं गणित, पंप जवळजवळ नाहीच. वाटेत पाणी थोडं मुरतं, थोडं झाडं पितात, थोडं उडून जातं, आणि उरलेलं हळूहळू, रांगेत आल्यासारखं, शेवटी नेहमीच्या लाईनला मिळतं. मुद्दा पाणी नाहीसं करायचा नाहीच, मुद्दा त्याला उशीर करायचा. पूर येतो तो पाणी जास्त असतं म्हणून जितका, तितकाच सगळं पाणी एकदम येतं म्हणून.

आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिला मी हौसेनं हे दाखवायला नेलं. जून होता, ऊन होतं, आईनं साडीवर माझं जाड जॅकेट घातलेलं. तिनं एका पाटाशी उभं राहून बराच वेळ बघितलं, मग म्हणाली, "अगं, एवढे पैसे खर्चून यांनी उघडी गटारं बांधली?"

मी आधी हसले. पण ती चेष्टा करत नव्हती. ती वाढली त्या गावात घरासमोरून उघडं गटार जायचं, आणि त्यावर फरशा आल्या तो दिवस तिला आठवतो. आपल्याकडे प्रगती म्हणजे झाकणं. नगरसेवक निवडून येतो तो नाला बंदिस्त करून दाखवतो म्हणून, कोनशिला बसते, वर स्लॅब, स्लॅबवर पार्किंग किंवा भाजीवाले किंवा ओपन जिम. आणि त्यात चूक काहीच नाही, कारण आपल्या नाल्यातून पाऊस वाहतच नाही, आपल्या नाल्यातून आपणच वाहतो. ते झाकायलाच हवं. माल्मोत हे उघडं करणं जमलं कारण पहिलं काम त्यांनी वेगळं करायचं केलं, संडासचं पाणी त्याच्या पाईपात, पावसाचं पावसाच्या वाटेनं. ते न करता नुसती सुंदर पन्हळ बांधली तर आईचं म्हणणं शब्दशः खरं ठरेल.

तरी मी तिला म्हणलं, वाकून वास घे. तिनं घेतला. मग काही बोलली नाही, पण पुढं चालताना एका ठिकाणी थांबून चपलेनं पाटात अडकलेली काडी बाजूला केली, आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपाचं मर्म तिथंच आहे. पाईप तुंबला तर तो कोणालाच दिसत नाही, ते कोणाचंच काम नसतं, तळघरात पाणी आल्यावरच कळतं. पाट तुंबला तर येणाराजाणारा बघतो. पाण्याची वाट डोळ्यांसमोर असली की ती आपली होते, लोक तिच्यात सिगरेट टाकायला बिचकतात. म्हणजे टाकतातच काही जण, स्वीडिश माणूसही माणूसच आहे, पण बिचकून टाकतात.

शाळेच्या आवारात एक गोष्ट आहे ती मला सगळ्यात आवडते. बसायला पायऱ्यापायऱ्यांचं छोटं अँफिथिएटर आहे, जमिनीत खाली गेलेलं. एरवी मुलं तिथं डबा खातात, नाटकं बसवतात. मोठा पाऊस आला की तेच अँफिथिएटर टाकी होतं, पाणी तिथं येऊन साठतं आणि हळूहळू निघून जातं. वर्षातून एखाद्या वेळीच लागणारी जागा उरलेले सगळे दिवस मुलांच्या ताब्यात. कोणी तरी बसून हा विचार केलाय, की पुराच्या पाण्यासाठी वेगळी जागा राखून ठेवणं शहराला परवडत नाही, तर पुराला आपल्याच जागेत पाहुणा म्हणून कुठं बसवता येईल.

आणि मग छपरं. वस्तीत तीसेक छपरांवर सेडम नावाची जाड पानाची बुटकी वनस्पती लावलीय, आपल्याकडच्या दगडफुलासारखी सोशिक, मातीचा थर तीनचार सेंटीमीटरचा, म्हणून जुन्या इमारतीलाही वजन झेपतं. शेजारी महापालिकेच्या वर्कशॉपच्या छपरांवर तर 2001 पासून चक्क बागच आहे, साडेनऊ हजार चौरस मीटर, लोक बघायला जातात. असलं पातळ छप्पर वर्षभराच्या पावसातलं साधारण निम्मं पाणी स्वतःच पिऊन उडवून टाकतं. पण हे ऐकून लगेच भारावून जायचं नाही, कारण वर्षभराचं निम्मं म्हणजे रिमझिमीचं निम्मं. ढगफुटीला तीन सेंटीमीटर माती काय करणार, ती भिजली की संपलं, मग पाणी खालीच येतं. म्हणून तर खाली पाट आणि तळी लागतात. नुसतं छप्पर हिरवं करून फोटो काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

परीक्षा झाली 31 ऑगस्ट 2014 ला. रविवार होता. पहाटेपासून काही तासांत माल्मोच्या काही भागांत 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, इथं तेवढा महिनाभरात पडला तरी लोक तक्रार करतात. रस्त्यांवर गाड्या तरंगल्या, अंडरपास बुडले, शहरभर तळघरं भरली. 2011 च्या जुलैमधे पलीकडे कोपनहेगनला असंच झालं होतं आणि त्यांना प्रचंड नुकसान सोसावं लागलं, तरी माल्मोची तयारी नव्हतीच. ऑगस्टेनबोर्गमधे मात्र शेजारच्या तशाच जुन्या वस्त्यांच्या मानानं फारच थोड्या घरांत पाणी शिरलं. लुंड विद्यापीठातल्या लोकांनी नंतर नुकसानभरपाईचे अर्ज तपासून हे मांडलं, म्हणजे नुसती वस्तीची फुशारकी नाही. गंमत म्हणजे ही सगळी व्यवस्था तेवढ्या पावसासाठी बांधलेलीच नव्हती, पंधरा वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरून केलेली होती. पण उघडा पाट भरला तरी त्याच्या बाजूला गवत असतं, थोडं पसरायला जागा असते. पाईप भरला की भरला.

आता 100 मिलिमीटर वाचून मुंबईकर हसतील. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 पडला, त्यापुढं जगात कुठल्याही शहराची पन्हळ टिकणार नाही. पण पुण्याचं गणित बघा. माल्मोला वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पुण्याला 700 च्या पुढंमागं. म्हणजे आकडा काही जमीनअस्मानाचा नाही. फरक हा की इथं तो बाराही महिने चाळणीतून पडल्यासारखा पडतो, आणि आपल्याकडे चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत. म्हणून सेडमची छपरं उचलून पुण्याला नेण्यात अर्थ नाही, एप्रिलमधे त्याचा पापड होईल, आणि तो जगवायला वर टँकर मागवावा लागेल. पण पाण्याला उशीर करायची कल्पना मात्र इथल्यापेक्षा पुण्याला जास्त लागू आहे. 

25 सप्टेंबर 2019 ची रात्र आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा. कात्रजकडून येतो, अरण्येश्वर, सहकारनगर करत दांडेकर पुलाकडे जातो. त्या रात्री काही तासांच्या पावसानं तो असा आला की सोसायट्यांच्या भिंती पडल्या, पार्किंगमधल्या गाड्या एकावर एक चढल्या, गोठ्यातली जनावरं बांधलेल्या जागी मेली, माणसं गेली. आईबाबा वरच्या मजल्यावर म्हणून वाचले, पण खालचे काका कमरेइतक्या पाण्यातून काकूंना जिन्यापर्यंत कसे घेऊन आले ते बाबा अजूनही फोनवर सांगतात, दरवेळी नव्यानं. हा ओढा म्हणजे काही नुसता नाला नव्हे. पेशवाईत नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून तिथून भुयारी नळानं शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं ते याच्याच वरच्या अंगाला, आणि पर्वतीपाशी बांध घालून याचा प्रवाहही तेव्हाच वळवलेला. म्हणजे पाणी कुठून कुठं न्यायचं याची अक्कल या शहराला अडीचशे वर्षांपूर्वी होती. मग मधे आपण ओढ्याच्या पोटात बिल्डिंगी बांधल्या, आणि पूर आल्यावर उपाय काय, तर दोन्ही बाजूंनी उंच सिमेंटच्या भिंती. भिंतींनी पाणी जास्त जोरात पुढच्याच्या दारात जातं. आणि काठच्या झोपड्यांमधल्या लोकांना हलवायचं. 2021 च्या जूनमधे, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळची घरं पाडायला सुरुवात झाली आणि मग कोर्टानं स्थगिती दिली, ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं.

ऑगस्टेनबोर्गमधलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते पाट किंवा छपरं नाहीत, ते हे की कोणाला हलवलं नाही. जे राहत होते तेच राहिले. रात्री घरात, दिवसा दारासमोर खोदकाम. पाचातला एक भाडेकरू तरी कुठल्या ना कुठल्या बैठकीला येऊन बोलून गेला असं सांगतात, आणि सगळे काही टाळ्या वाजवत नव्हते. मुलांच्या खेळायच्या जागेत चर कशाला, मूल तळ्यात पडलं तर काय, डास होतील, झाडं जातील. मग तळी उथळ झाली, काही चरांच्या जागा बदलल्या. कचऱ्यासाठी छोटी घरं बांधली, ओला कचरा वेगळा. नंतरच्या वर्षांत घरं सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. 2010 मधे त्याला वर्ल्ड हॅबिटॅट ॲवॉर्डही मिळालं. मी तिथं फिरते तेव्हा ते अगदी स्वर्ग वगैरे वाटत नाही, एखाद्या तळ्यात उन्हाळ्यात शेवाळं माजलेलं असतं, एखादा पत्र्याचा जुना तुकडा अजून भिंतीवर दिसतो, टाकून दिलेली ट्रॉली हमखास असते. पण बाकावर सोमाली आज्या आणि बोस्नियन आजोबा गप्पा मारत बसलेले असतात.

हे इथं का जमलं ते पण सरळ बोललं पाहिजे, नाहीतर परदेशात राहून तिकडची आरती ओवाळल्यासारखं होतं. जमलं कारण सगळी वस्ती एका मालकाची, आणि तो मालक म्हणजे महापालिकेची कंपनी. तिला फ्लॅट विकून दोन वर्षांत पैसे काढून जायचं नव्हतं, तिला पुढची पन्नास वर्षं ते भाड्यानं द्यायचे होते, भाडं भाडेकरूंच्या संघटनेशी बोलून ठरवायचं होतं. तळघर भरलं की तोटा तिचाच. मग तिला पन्हळी बांधणं परवडतं. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीचा प्लॉट वेगळा, कंपाउंडची भिंत वेगळी, आणि पाण्याला भिंत कळत नाही. आणि रिडेव्हलपमेंटचा खर्च कुठून निघतो, तर वरच्या मजल्यांवर जे जास्तीचे फ्लॅट बिल्डर विकणार त्यातून. म्हणजे बिल्डिंग उंच हवी, उंच म्हणजे गाड्या जास्त, गाड्या जास्त म्हणजे बेसमेंट आणि पोडियम, आणि प्लॉटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काँक्रीट. चार मजली जुन्या सोसायटीत निदान मागच्या बाजूला थोडी माती होती, एक आंबा, एक शेवगा, धुण्याच्या दगडापाशी अळू. पाणी तिथं मुरत होतं हे कोणी मोजलं नाही. नव्या बिल्डिंगमधे झाडं असतात ती पोडियमवर, कुंडीत, खाली पार्किंगचा स्लॅब. मुरायचं कुठं? रिचार्ज पिट, म्हणजे पाणी मुरवायचा खड्डा, असतो एक कोपऱ्यात, पालिका त्याच्या नावानं प्रॉपर्टी टॅक्समधे सूट देते, आणि दोन पावसाळ्यांनी त्यात गाळ भरला की तो उपसायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. का, तर त्यावर झाकण असतं.

आणि जुनं पाडलं की निघणारा राडारोडा. तो कुठं जातो ते रात्री मुठेच्या काठानं गाडी चालवणाऱ्याला माहिती आहे.

म्हणून मी म्हणते की पाडूच नका, असं नाही. आमच्या बिल्डिंगच्या बीममधली सळई बाहेर दिसते, लिफ्ट नाही, आईचे गुडघे गेलेत. तिथं नव्या घराची गरज खरी आहे आणि ज्यांना तीन जिने चढायला लागत नाहीत त्यांनी जुन्या वास्तूचं प्रेम फार शिकवू नये, त्यात मीपण आले. पण "पाडायचं की नाही" एवढाच प्रश्न आपण विचारतो आणि बाकी सगळं बिल्डरच्या आर्किटेक्टवर सोडतो. टाईल्स कुठल्या कंपनीच्या यावर आमच्या जनरल बॉडीत तासभर चर्चा झाली. गच्चीवरचं पाणी खाली कुठं जाणार, यावर एकानंही विचारलं नाही, आणि ही ती सोसायटी जिच्या पार्किंगमधे पाच वर्षांपूर्वी, जास्तच झाली असतील आता, होडी लागली असती.

शेवटी मी बाबांना फोन केला. ते कमिटीवर नाहीत पण सेक्रेटरी काका त्यांचं ऐकतात. आम्ही दोघांनी मिळून चार ओळींचं पत्र केलं. मागची माती तशीच ठेवा, बेसमेंट तिच्याखाली नेऊ नका. पावसाळी पाईप थेट ड्रेनेजच्या चेंबरला जोडायचे नाहीत, कुठल्याही परिस्थितीत. गच्चीचं पाणी आधी उघड्या पन्हळीनं मागच्या मातीत, तिथून जादा झालं तरच बाहेर. आणि शेजारच्या सोसायटीचंही रिडेव्हलपमेंट निघतंय तर मधली भिंत बांधायच्या आधी दोघांनी मिळून उताराचा एक नकाशा करून घ्या, हे शेवटचं बाबांच्या डोक्यातून आलं, मला सुचलं नव्हतं.

बिल्डरच्या माणसाचं उत्तर आलं. चेंबरबद्दल तो लगेच हो म्हणाला. बाजूच्या मार्जिनमधे माती नाही ठेवता येणार, कारण एवढ्या उंच बिल्डिंगला फायर ब्रिगेडची गाडी फिरायला कडक रस्ता लागतो, आणि हे त्याचं म्हणणं बरोबर आहे, आग लागल्यावर अळूच्या वाफ्यात रुतलेला बंब कोणाला हवाय. मागच्या मातीचं तो "बघतो" म्हणाला. बेसमेंट तिथून काढलं तर आठ गाड्यांची जागा जाते, आणि ते आठ जण कोण हे सोसायटीनं ठरवावं म्हणे. यावर ग्रुपवर दीड दिवस शांतता होती, जी आमच्या ग्रुपच्या इतिहासात पहिल्यांदाच. मग खालच्या मजल्यावरच्या काकांनी, ज्यांनी त्या रात्री काकूंना पाण्यातून आणलं त्यांनी, लिहिलं की माझी गाडी तशीही 2019 ला गेली, नवीन मी घेतलीच नाही, माझं पार्किंग धरा त्यात. एक झालं. सात राहिलेत, पुढची मीटिंग गणपतीनंतर आहे, आणि उघड्या पन्हळीत डास होतील त्याचं काय यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आत्तापासूनच मेसेज टाकायला सुरुवात केलीय.